भवानीचं गिऱ्हाईक

आमच्या केंद्रासाठी खेळण्यांचं खोकं पुण्याहून आलं, आणि त्याच दिवशी खेळणी काचेच्या कपाटात गेली. कपाटाला पितळी कुलूप लागलं. किल्ली मालतीबाईंच्या पर्समध्ये.

"नाहीतर मुलं हात लावतील हो," त्या म्हणाल्या.

हे शहात्तर सालचं. पार्क चौकाजवळ एका दवाखान्याच्या माडीवर आम्हाला दोन खोल्या मिळाल्या होत्या आणि बाहेर निळ्या अक्षरांत ‘बाल खेळोपचार केंद्र’ अशी पाटी लागली होती. तोवर सोलापुरात मूल तापलं तर डॉक्टर, हट्टाला पेटलं तर धपाटा आणि त्यानंही भागलं नाही तर सिद्धेश्वराला नवस, एवढे तीनच उपचार लोकांना माहीत होते. खेळ हा उपचार असतो, हे ऐकून दवाखान्याचा कंपाउंडर कोंडीबा मला रोज विचारायचा, "बाई, आज किती डोस दिला? विटीचा का दांडूचा?"

मी तेव्हा बत्तीस वर्षांची. बालवाडीत शिकवत होते. पुण्याला दीड महिन्याचं शिबिर करून आले, तेवढ्या बळावर मला खेळसेविका नेमलं. मालतीबाई केंद्राच्या अध्यक्षा. राहायला रेल्वे लाइन्समध्ये, यजमान मोठ्या हुद्द्यावर. आणि उपचार करणारे डॉक्टर चिंतामणी देवस्थळी. हे विलायतेत दोन वर्षं राहून आले होते. मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे.

त्यांची पद्धत सोपी होती. मोठ्यांनी गप्प बसायचं. मुलाला काही विचारायचं नाही, सुचवायचं नाही, नुसती वाट बघायची. मूल आपणहून खेळेल, आपणहून बोलेल. गप्प बसण्याचं हे महत्त्व डॉक्टरांनी आम्हाला पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं. त्याला पाऊण तास लागला. मधे मी एकदा पाण्याचं विचारलं तर म्हणाले, "मला बोलू द्या."

ते आणीबाणीचं वर्ष, सगळ्या गावातच पाट्या लागत होत्या. एक दिवस कुठल्यातरी कचेरीतला माणूस शिडी घेऊन आला आणि आमच्या खेळाच्या खोलीत, बरोबर मधोमध, एक पाटी ठोकून गेला: ‘बोलणे कमी, काम जास्त.’ मी डॉक्टरांना म्हटलं, "ही इथं बरी दिसत नाही. आपल्याकडे न बोलणारी मुलं येणार." डॉक्टरांनी पाटीकडे बघितलं, दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "यशोदाबाई, ते दिवस नाहीत. राहू द्या."

अशा त्या खोलीत मार्चच्या शेवटी दाक्षायणी आली.

नवी पेठेत हलकुड्यांचं कापडाचं दुकान होतं. चन्नवीर हलकुडे म्हणजे दाक्षायणीचे वडील. पस्तिशीचे, कपाळाला विभूती, अंगात कडक इस्त्रीचा सदरा. बरोबर त्यांची आई गिरिजाबाई, आणि दोघांच्या मागे, जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थांबलेली, बायको रुद्राणी. दाक्षायणी सहा वर्षांची. घट्ट दोन वेण्या, लाल रिबिनी, आणि डोळे असे की खोलीतली एकही वस्तू त्यांतून सुटली नसावी. दिवाळीपासून ती एक अक्षर बोलली नव्हती. कान ठीक, घसा ठीक, जीभ ठीक. तीन डॉक्टरांनी तपासून झालं होतं.

"नाव काय बाळ तुझं?" डॉक्टरांनी विचारलं.

"दाक्षायणी," गिरिजाबाई म्हणाल्या.

"दाक्षायणी चन्नवीर हलकुडे, पैली ब," चन्नवीर म्हणाले.

रुद्राणीनंही तोंड उघडलं होतं. तिनं ते मिटलं.

"कृपा करून तिला बोलू द्या," डॉक्टर म्हणाले.

सगळे थांबले. भिंतीवरच्या घड्याळाचे चार-पाच ठोके पडले असतील. गिरिजाबाईंना ते झेपेना.

"दाक्षायणी म्हंती ती," त्या म्हणाल्या.

हेच त्या घराचं वळण होतं. मी पुढं दोनदा त्यांच्याकडे जेवायला गेले, तेव्हा बघितलं. दाक्षीला भूक लागली की नाही ते आज्जी सांगायची. तिला कुठला रंग आवडतो ते वडील सांगायचे. पाव्हण्यांनी विचारलं, शाळा आवडते का, तर शेजारच्या खोलीतून उत्तर यायचं, "लई आवडती!" आणि पोरीचे ओठ कधी मधे नुसते हलले, तरी गिरिजाबाई कानडीत म्हणायच्या, "सुम्मनिरु." म्हणजे गप बस. प्रेमानं म्हणायच्या. पोळीवर तूप वाढता वाढता म्हणायच्या.

एकदा मी आणि रुद्राणी पाण्याच्या घंगाळापाशी उभ्या होतो. ती हळूच म्हणाली, "बाई, बोलून काय उपेग, असं वाटलं असंल की तिला."

"तुम्हाला असं का वाटतं?"

"मलाबी वाटतं म्हून," ती म्हणाली आणि हंडा उचलून आत गेली.

पण खरी घाई वेगळीच होती. गिरिजाबाईंच्या माहेरच्या एका वजनदार माणसानं लांबच्या एका गावी, मुक्याबहिऱ्या मुलांच्या वसतिगृहाच्या शाळेत दाक्षीसाठी जागा मिळवून ठेवली होती. मेअखेर पोचवायचं. तिकडून यादीही आली होती: पांढरे फ्रॉक चार, ट्रंक एक, ताटवाटी नाव घालून.

मी म्हटलं, "गिरिजाबाई, अहो, तिला ऐकू येतंय. ती बहिरी नाही."

"ऐकू येऊ दे की. तितं कोण न्हाय म्हणतंय?"

"पण ती शाळा बहिऱ्या मुलांची..."

"बाई, तुमास्नी ठावं न्हाय. ह्या जागंसाटी लोक दोन-दोन वरसं थांबत्यात. आमाला एका चिठ्ठीत मिळाली. मिळालेली जागा सोडत्यात व्हय कोण?"

चन्नवीर खाली बघत होते. आईसमोर ते नेहमी खालीच बघायचे. दाक्षी खिडकीशी होती, पाठमोरी. तिची मान जराही हलली नाही, पण वेणीची रिबीन तिनं बोटाला इतकी घट्ट गुंडाळली होती की बोट पांढरं पडलं होतं.

मग आमचा उपचार सुरू झाला. मूल आपणहून खेळेल, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. दाक्षी कपाटासमोर बसायची. काचेआड डोळे मिटणारी बाहुली, लाकडी आगगाडी, रंगीत ठोकळे, छोटी चूल-बोळकी. मी मालतीबाईंकडे किल्ली मागायला गेले की त्या विचारायच्या, "मुलीचे हात स्वच्छ आहेत का?" मंगळवारी किल्ली मिळाली तर शुक्रवारी नाही. मिळाली तर त्या स्वतः खुर्ची टाकून बसायच्या आणि दर दोन मिनिटांनी "हळू हं, बाळ, हळू" म्हणायच्या. त्यांच्या डाव्या बाजूला डॉक्टर बसायचे आणि मुलीला त्रास नको म्हणून इंग्रजीत बोलायचे. गप्प अशी त्या खोलीत एकटी दाक्षीच असायची.

चन्नवीर दर शुक्रवारी विचारायचे, "बाई, प्रगती काय? कितवा नंबर?"

"इथं नंबर नसतो हो. तुम्ही घरी तिच्याशी खेळता का?"

"व्हय की! रोज सात ते आठ. अव्वा बसती समोर पट्टी घिऊन. खेळ म्हंती, खेळल्याबिगर उठायचं न्हाय."

मी डोक्याला हात लावला. तेव्हा ही अव्वा, म्हणजे गिरिजाबाईच, म्हणाल्या, "मग काय तर! मन लावून खेळतच न्हाय पोरगी. लक्ष कुटंतरी दुसरीकडंच."

एप्रिल असा गेला. मे उजाडला. सोलापूरचा मे म्हणजे सकाळी नऊलाच पत्रा तापायला लागायचा. मालतीबाई महाबळेश्वरला गेल्या. किल्ली त्यांच्याबरोबर गेली. डॉक्टरांनी शेवटचा उपाय काढला: सगळ्या कुटुंबानं मिळून एक तास खेळायचं, खेळ मुलीनं निवडायचा. शुक्रवारी सकाळी साडेआठला. त्याच्या पुढच्या सोमवारी दाक्षीला घेऊन निघायचं ठरलं होतं, गाडीची तिकिटंही काढून झाली होती.

शुक्रवारी साडेआठला चौघंही आली. डॉक्टर आले नाहीत. एका क्लबात सकाळीच त्यांचं ‘ऐकण्याची कला’ या विषयावर व्याख्यान होतं, ते लांबलं, असा निरोप कोंडीबानं आणला.

"मंग आमी जातो," चन्नवीर म्हणाले. "दुकान उघडायचंय अजून. शिंप्याकडं बी जायचंय."

त्यांच्या काखेत एक गाठोडं होतं. "काय आहे त्यात?" मी उगाच विचारलं.

"काय न्हाय. पोरीच्या फ्राकाचं कापड. आन अव्वाच्या वाकळंला उरलंसुरलं तुकडं."

मी म्हटलं, "आलाच आहात तर अर्धा तास बसा. खेळणी कुलपात आहेत, पण जमेल तसं बघू." आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दाक्षीला म्हटलं, "तू ठरव गं काय खेळायचं."

ती बराच वेळ उभी राहिली. गिरिजाबाई दोनदा म्हणाल्या, "भातुकली म्हंती ती." मी हातानं थोपवलं. मग दाक्षी वडलांपाशी गेली, त्यांच्या काखेतल्या गाठोड्यावर हात ठेवला, तिथून मागं सरली आणि सतरंजीच्या कडेला मांडी घालून बसली. पदर सावरावा तसा तिनं फ्रॉक सावरला आणि हात मांडीवर ठेवून समोर बघत राहिली.

चन्नवीर म्हणाले, "हे काय?"

कुणी काही बोलायच्या आत रुद्राणीनं कोपऱ्यातली पांढरी चादर उचलली आणि दाक्षीसमोर अंथरली, दुकानाच्या गादीसारखी. नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "गिऱ्हाईक आलंया."

मला वाटलं, ते आता हसतील नाहीतर चिडतील. पण तो माणूस एकदम वेगळाच झाला. टोपी नीट केली. चपला बाहेर काढून आला. चादरीच्या पलीकडे बसला, गाठोडं सोडलं आणि गाठोड्याला हात लावून तोच हात कपाळाला लावला. त्या दिवशीचं दुकान अजून उघडलेलं नव्हतं. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक समोर बसलं होतं.

पहिली विक्री म्हणजे भवानी. आमच्या नवी पेठेत तिचे नियम कडक होते. सगळ्यात कडक हलकुड्यांच्या दुकानात. चन्नवीरांचे वडील बसप्पा, घरातले दादा, यांनी ते घालून दिलेले. भवानीच्या गिऱ्हाइकाला घाई करायची नाही. त्याला नाही म्हणायचं नाही. कापड उलगडत राहायचं आणि ते तोंड उघडेपर्यंत, नाहीतर हातानं काही दाखवेपर्यंत, आपण तोंड उघडायचं नाही. आणि त्याला रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही, मग दुपार झाली तरी चालेल.

त्यांनी पहिला तुकडा उलगडला. निळ्या ठिपक्यांचं वायल. मनगटाचा एक झटका दिला आणि कापड चादरीवर पसरत दाक्षीच्या गुडघ्यापर्यंत गेलं. मग ते थांबले. मी त्यांना पहिल्यांदाच थांबलेलं बघत होते. मान किंचित कललेली, नजर गिऱ्हाइकाच्या हातावर.

दाक्षीनं कापडाला हात लावला नाही.

दुसरा तुकडा. पिवळा, छापील. थांबले.

"लाल दाखव तिला, लाल," गिरिजाबाई मागून म्हणाल्या. "तिला लाल लई आवडतं."

चन्नवीर मागं न वळता म्हणाले, "अव्वा, गिऱ्हाइकाच्या मधी बोलू नये."

मला वाटतं, त्या घरात हे वाक्य कुणी कधी उच्चारलं नसावं. गिरिजाबाईंनी पदर तोंडाशी नेला. "अरं चन्नू, मी काय..."

"भवानी व्हायचीय अव्वा. सुम्मनिरु."

गिरिजाबाई मटकन स्टुलावर बसल्या. रुद्राणी भिंतीकडे वळली. तिचे खांदे हलत होते, हसण्यानं की कशानं ते मला कळलं नाही.

तिसरा, चौथा, पाचवा तुकडा. वाकळेचे तुकडे संपत आले. दाक्षी नुसती बघत होती. खाली कोंडीबा बाटल्या विसळत होता, त्याचा आवाज वर येत होता. चन्नवीरांच्या कपाळावर घाम आला होता, विभूती ओघळत होती, पण हात मऊच पडत होता आणि तोंड मिटलेलं होतं. आमचे डॉक्टर पाऊण तासात जे शिकवू शकले नव्हते ते या माणसाला दहाव्या वर्षापासून येत होतं. फक्त ते घरी वापरायचं असतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

गाठोड्यात खाली पांढरं पॉपलीन होतं. यादीतलं. फ्रॉक चारचं. त्यांनी ते सवयीनं काढलं, झटका दिला आणि पांढरंशुभ्र कापड बाकी सगळ्या रंगांवरून पसरत गेलं.

दाक्षीनं दोन्ही हातांनी ते गोळा केलं आणि बाजूला सारलं.

दुकानदार अशा वेळी जे विचारतो ते चन्नवीरांनी विचारलं, दुकानातल्याच आवाजात, आदरानं. "कशासाटी पायजे हुतं, अक्का?"

दाक्षीनं घसा खाकरला. सहा महिने बंद असलेला घसा, आवाज फाटकाच निघाला.

"घरी घालायला."

तिनं पांढऱ्या कापडाकडे बोट केलं.

"हे बोर्डिंगचं हाय," ती म्हणाली. "बोर्डिंगचं मला नको. घरी घालायचं दाखवा."

रुद्राणी पुढं धावली, पण चन्नवीरांनी हात आडवा केला. त्यांचे डोळे भरले होते आणि तरी ते गादीवरून उठले नाहीत. त्यांनी पॉपलीनची घडी घातली, नीट, कडेला कड जुळवून, आणि पाठीमागं ठेवून दिली. मग निळ्या ठिपक्यांचं वायल पुन्हा पुढं ओढलं.

"हे बगा, अक्का. घरी घालायला ह्याच्यासारकं न्हाय. धुतलं की मऊ पडतं."

"अरं पर चन्नू," गिरिजाबाईंना राहवेना, "ती जागा! चिठ्ठी दिलीया माणसानं. सोमवारची तिकिटं..."

"अव्वा, भवानीचं गिऱ्हाईक हाय. काय मागतंय ते ऐकलंस न्हवं? न्हाय म्हणता येत न्हाय मला."

"आरं, खेळ हाय ह्यो!"

"असंल," चन्नवीर म्हणाले. "खेळातल्या गिऱ्हाइकाला न्हाय म्हणा, असंबी दादांनी कुटं सांगितलेलं न्हाय."

गिरिजाबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी पाटीकडे बघत राहिले. त्या मग पुटपुटल्या, "माहेरच्या माणसास्नी काय तोंड दाखवू मी," आणि थोड्या वेळानं, जरा वेगळ्या सुरात, "तो निळा मळखाऊ हाय म्हणा."

डॉक्टर देवस्थळी दहाला आले. दारातून त्यांनी बघितलं तर दाक्षी बोलत होती. फार नाही. फ्रॉकला खिसा पाहिजे, एवढंच.

"अरे वा!" ते म्हणाले. "यशोदाबाई, कुठलं खेळणं वापरलंत?"

"कुठलंच नाही," मी म्हटलं. "किल्ली महाबळेश्वरला आहे."

पुढं त्यांनी मुंबईला एका परिषदेत याच्यावर निबंध वाचला. त्यात अकरा बैठका होत्या, एक आलेख होता आणि ‘योग्य साधनांची उपलब्धता’ असा एक परिच्छेद होता. मालतीबाईंनी केंद्राच्या वार्षिक अहवालात कपाटाचा फोटो छापला. दोन वर्षांनी केंद्र बंद पडलं. खेळणी तेव्हाही कोरी करकरीत होती, बाहुलीची गळ्यातली चिठ्ठीसुद्धा निघाली नव्हती. ती खेळणी कुणाकडे गेली मला माहीत नाही.

पण त्या शुक्रवारी डॉक्टरांकडे कुणी फारसं बघितलं नाही. त्यांनी वही उघडली आणि दाक्षीला विचारलं, "बाळ, तुला आता कसं वाटतंय?"

"थांबा हो जरा," चन्नवीर म्हणाले. "गिऱ्हाईक विचार करतंय."

तेवढ्यात जिन्यावर धाप लागल्याचा आवाज आला. दुकानातले जुने कारकून सिद्धाप्पा, साठीचे, एवढ्या उन्हात नवी पेठेतून चालत आले होते.

"मालक, किल्ल्या कुटं हाईत? कवाधरनं फळ्या लावलेल्याच हाईत. अक्कलकोटचं बस्त्याचं गिऱ्हाईक येऊन पायरीवर बसलंय. धा माणसं हाईत!"

"बसू दे," चन्नवीर म्हणाले.

"बसू दे? आवो, बस्ता हाय! लगीनघर!"

"त्यास्नी च्या सांगा समोरनं. हितलं गिऱ्हाईक उठल्याबिगर मला उठता येत न्हाय, सिद्धाप्पा. तुमास्नी म्या सांगायचं का?"

सिद्धाप्पांनी चादरीपलीकडे बसलेल्या गिऱ्हाइकाकडे बघितलं. मग बसप्पांच्या हाताखाली चाळीस वर्षं काढलेला तो माणूस चपला काढून आत आला, मालकाच्या डाव्या हाताला बसला आणि उलगडलेल्या तुकड्यांच्या घड्या घालायला लागला.

दाक्षी निळ्या वायलाची कड बोटांनी चाचपून बघत होती. अंगठा आणि मधलं बोट, आतून आणि बाहेरून, तिच्या वडलांचे गिऱ्हाईक बघतात तशी.

"बाही कुटपर्यंत?" चन्नवीरांनी विचारलं.

तिनं उत्तर द्यायला पुष्कळ वेळ घेतला. सगळेच थांबले होते. गिरिजाबाईंचे ओठ एकदा हलले, पण आवाज आला नाही.